थांबा मिस्तरी

माझ्या नव्या घराला रंग द्यायला आलेला माणूस पहिल्या दिवशी घराकडे पाठ करून उभा राहिला. मी फाटकातच होतो. मला वाटलं होतं, दुमजली घर बघून हा मान वर करेल, दोन बरे शब्द बोलेल आणि मग मी दराचं काढीन. माझी पद्धतच ती आहे. माणसाने एकदा कौतुक केलं की घासाघीस करताना तो निम्मा ढिला पडतो. हे गृहस्थ मात्र फाटकाशी आले, हात कपाळाला लावून सलाम केला, गर्रकन वळले आणि रस्त्यापलीकडे बघत उभे राहिले. डोक्याला जाळीची टोपी, खांद्याला कापडी पिशवी, हात मागे बांधलेले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी मी म्हणालो, "मिस्तरी, घर इकडं आहे."

"थांबा," ते म्हणाले. वळले नाहीत.

संगमनेरकडच्या अकोले गावापासून राजूरपर्यंत त्यांना सगळे थांबा मिस्तरीच म्हणायचे. खरं नाव मला चार वर्षांनी कळलं, तेही त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेवर वाचलं. रोज सकाळी अकोल्याहून पहिल्या जीपने ते राजूरला यायचे. दरवाजाला लोंबकळत का होईना, पण वेळेवर. आल्यावर मात्र कामाची घाई म्हणून नाही. मी त्यांना म्हणालो, "दर जास्त सांगताय." ते म्हणाले, "बरं, तुमी सांगा." मी निम्म्याच्या थोडा वर आकडा सांगितला. त्यांनी मान डोलावली. मला आनंद व्हायच्या आधीच म्हणाले, "दर तुमचा, दिवस माझे. चाललं?" मी हो म्हणून बसलो. आयुष्यात हजार सौदे केले असतील, पण इतका महागात पडलेला दुसरा आठवत नाही.

दसरा चार दिवसांवर होता आणि मला दिवाळीला घर रंगलेलं हवं होतं. मिस्तरींनी भिंतीला गाल लावला. हात नाही, गाल. डोळे मिटून, वैद्याने रोग्याच्या छातीला कान लावावा तसे ते भिंतीला चिकटून उभे राहिले. "हात फसवतो, शेठ. गाल न्हाई फसवत," असं म्हणून त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा काढला आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर डकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तुकड्याच्या आतून दवासारखे थेंब जमले होते. मिस्तरी मला ते बोटाने दाखवत म्हणाले, "भिंतीनं चार महिने पानी पिलंय. तिला ढेकर तरी दिऊ द्या. आज रंगवली तर होळीला पापुद्रे धरून तुमीच माझ्या नावानं बोंबलाल."

मग ते रोज यायचे, गाल लावायचे, प्लॅस्टिक बघायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. माझी बायको सुमन हसून म्हणाली, "हे भिंत बघायला येतात की चहा प्यायला?" मला हसू येत नव्हतं.

माझी घाई दिवाळीची होती असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं कारण रस्त्यापलीकडे राहत होतं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

समोरच्या कौलारू घरात आमचे गुरुजी राहतात. मी आठवीत असताना संगमनेरहून बॉलपेनच्या रिफिली आणून वर्गात विकायचो. वडिलांची भाजीची पाटी होती, घरात पैसा दिसत नव्हता, रिफिली मात्र खपायच्या. एक दिवस गुरुजींनी माझं दप्तर टेबलावर उलटं केलं. रिफिली टेबलावरून घरंगळत खाली गेल्या, पोरं हसली. गुरुजींनी वडिलांना बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं, "याचं मन शाळेत नाही, दुकानात आहे. याला दुकानातच बसवा." वडिलांच्या लेखी गुरुजींचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल. दुसऱ्या आठवड्यात मी राजूरच्या बाजारात गोणपाटावर बसलो होतो.

आज बाजारात माझं बी-बियाण्यांचं आणि खतांचं मोठं दुकान आहे. म्हणजे गुरुजी म्हणाले तेच झालं. त्यांचं म्हणणं खरं ठरलं, हेच मला आजवर पचलेलं नाही. त्यांच्या समोरची जागा विकायला निघाली, तेव्हा मालक सांगेल तो भाव देऊन मी घेतली. घासाघीस न करता घेतलेली माझ्या आयुष्यातली ती एकमेव वस्तू. दुमजली घर बांधलं ते गुरुजींना रोज उठल्याउठल्या दिसावं म्हणून. रंगही ठरवून ठेवला होता. राणी. लग्नातल्या शालूचा असतो तसा, डोळ्यात घुसणारा. गुरुजींनी डोळे मिटले तरी पापणीआड दिसला पाहिजे.

मी शेड कार्डावर राणीच्या चौकोनावर बोट ठेवलं. मिस्तरींनी कार्ड माझ्या हातून घेतलं आणि मिटून माझ्याच खिशात ठेवलं. "कार्डावरनं रंग ठरवणं म्हंजी फोटो बघून सोयरीक करणं. पोरगी घरी आल्यावर कळतं, आवाज कसा हाय ते." मी म्हणालो, "माझं ठरलंय." "थांबा. आधी प्रायमर तर पिऊ द्या तिला."

भिंत वाळली. दिवाळीच्या आठवडाभर आधी प्रायमरचा पहिला हात झाला. मग दुसरा. पुढचा हात कधी, असं विचारलं की "थांबा". दिवाळीला माझं घर नुसत्या प्रायमरवर पांढरं फटक उभं होतं. बाजारातले लोक विचारायचे, "काय शेठ, कापूस लावलाय का छतापर्यंत?" मी घरी येऊन सुमनवर ओरडायचो, ती शांतपणे म्हणायची, "माझ्यावर कशाला? सौदा तुम्ही केलात."

पण त्याच दिवाळीत एक गोष्ट घडली आणि माझा राग जरा निवळला. वर्षभर गुरुजी कधी दारात दिसले नव्हते. माझं बांधकाम सुरू झालं तशी त्यांची खुर्ची ओसरीवरून आत गेली होती. आता रोज दुपारी तीनच्या सुमाराला ती खुर्ची उंबऱ्याशी यायला लागली. गुरुजी तिच्यात बसायचे, तोंड माझ्या घराकडे. तास-दीड तास बसायचे. मी दुकान नोकरावर सोडून मुद्दाम घरी येऊ लागलो. वरच्या गॅलरीत पडद्याआड उभा राहून बघायचो. म्हटलं, बघा. चांगलं डोळे भरून बघा. अजून तर राणी यायचाय.

भाऊबीज झाली आणि मिस्तरींनी प्लायवूडच्या चार फळ्या रंगवून आणल्या, एकेक पुरुषभर उंचीची. एक राणी, एक पोपटी, एक फिकट निळी आणि एक सायीच्या रंगाची. त्यांनी त्या माझ्या कुंपणाला टेकवून ठेवल्या. मला वाटलं, आता मला बोलावतील. मिस्तरी रस्ता ओलांडून गुरुजींच्या घरात गेले.

मी गॅलरीतून बघत होतो. मिस्तरी उंबऱ्यावर बसले. गुरुजींनी चष्मा पुसला. दोघं बराच वेळ बोलले. मधेच मिस्तरी उठून यायचे, एक फळी उन्हात पुढे करायचे, दुसरी मागे, आणि परत जाऊन बसायचे. माझ्या घराचा रंग माझ्याशिवाय चालला होता, आणि तोही कुणाकडे!

मी जिना उतरलो तो दोन-दोन पायऱ्या टाकत. अंगणात प्रायमरचा डबा होता, त्याला लाथ मारली. डबा आडवा झाला, माझा पाय घोट्यापर्यंत पांढरा. तोवर मिस्तरी फाटकात आले होते.

"पैसे माझे, भिंत माझी, आणि विचारताय त्याला?"

"थांबा, शेठ. आधी पाय धुवा. वाळलं की निघत न्हाई."

"पाय खड्ड्यात गेला! त्या माणसानं मला शाळेतून काढलंय, माहीत आहे का तुम्हाला?"

"म्हाईत हाय. शाळेचे फळे मीच काळे करायचो. आख्ख्या राजूरला म्हाईत हाय."

"मग त्याला विचारायला का गेलात?"

मिस्तरींनी बादली उचलून माझ्या पायावर पाणी ओतलं. मग म्हणाले, "मला एक सांगा. तुमी बसनार आतमधी. बाहीरचा रंग तुमाला कवा दिसनार? घरातनं निघताना पाठ, येताना घाई. ह्यो रंग तुमी लावताय कुनासाठी?"

उत्तर त्यांना माहीत होतं.

"त्यांच्यासाठीच ना? मंग ज्याच्यासाठी लावायचा त्याला इचारायचं न्हाई व्हय?"

मी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपने ते आले. मी म्हणालो, "येऊ नका म्हटलं होतं." ते म्हणाले, "रंगवायला न्हाई आलो. दुपारच्याला तुमाला एक गंमत दाखवायची, मंग जातो."

तीन वाजता त्यांनी राणी रंगाची फळी उन्हात उभी केली आणि मला तिच्यासमोर चार हातांवर उभं केलं. माझ्या अंगात पांढरा शर्ट होता. "शेठ, शर्ट बघा." शर्ट गुलाबी झाला होता. हात गुलाबी, खिशातलं बियाण्यांचं बिल गुलाबी. त्यांनी ती फळी बाजूला केली आणि सायीची लावली. शर्ट परत शर्टासारखा झाला.

"आता समोर बघा," ते म्हणाले.

गुरुजी उंबऱ्याशी बसले होते. मी पहिल्यांदाच जमिनीवरून, त्यांच्या पातळीवरून बघत होतो. गॅलरीतून कठड्याआड जे दिसत नव्हतं ते इथून दिसलं. त्यांच्या मांडीवर वर्तमानपत्र होतं. ते घराकडे बघतच नव्हते. वाचत होते.

"दिव्याच्या उजेडात त्यांचे डोळे दुखत्यात," मिस्तरी हळू आवाजात म्हणाले. "तुमचं घर उठलं तवा त्यांचं सकाळचं ऊन गेलं. वरीसभर दारात अंधार. प्रायमर मारला आन् दुपारचं ऊन तुमच्या भिंतीवरनं उडून त्यांच्या दारात पडाय लागलं. म्हून खुर्ची बाहीर आली."

पंधरा दिवस मी पडद्याआड उभा राहून जे साजरं करत होतो ते काय होतं, हे मला त्या क्षणी कळलं. चपराक बसावी तसं वाटलं. तरी मी विचारलंच, "माझ्याबद्दल काही बोलले?"

मिस्तरींनी खोटं बोलून मला खूश करायला हरकत नव्हती. दुसऱ्या कुणीही केलं असतं. ते म्हणाले, "न्हाई. रंगाबद्दलबी काय मागितलं न्हाई. म्हनले, त्यांचं घर, त्यांना हवा तो लावू दे. मीच बघितलं पेपर कसा धरत्यात ते."

मग फळीवर बसून त्यांनी मला अकोल्याच्या शिंप्याची गोष्ट सांगितली. मिस्तरी तरुण असताना बाजारपेठेत एका इमारतीला त्यांनी गडद हिरवा रंग दिला. मालक खूश, सगळीकडे वाहवा. समोर एक शिंपी बसायचा, ब्लाऊज शिवणारा. हिरव्या उजेडात त्याला दोऱ्यांचे रंग ओळखू येईनात. निळ्या ब्लाऊजला जांभळा दोरा, मोरपंखीला काळपट. ऐन लग्नसराईत बायका ब्लाऊज अंगावर फेकून गेल्या. बिचाऱ्याला वाटलं, आपलेच डोळे गेले. पुढच्या वर्षी त्याने तिथलं दुकान उचललं. "मला कळलं तवर तो गेलेला. तवापासनं कुठंबी गेलो की आधी पाठ फिरवतो. समोर कोन बसतंय ते बघतो."

पण मी व्यापारी आहे, हातचं असं सोडत नाही. म्हणालो, "ही भिंत पश्चिमेची. राजूरचा पाऊस सगळा हिच्यावर येतो. साय लावली तर दोन पावसाळ्यांत शेवाळ धरून काळी होईल."

"व्हईल."

"मग? धुणार कोण?"

"मी. दरसाली नवरात्राच्या आधी यीन."

"किती वर्षं?"

"हाय तवर."

"लिहून द्या."

मी हे चिडून म्हणालो होतो. मिस्तरींनी कानामागची पेन्सिल काढली आणि फाटकाजवळ, मीटरच्या पेटीखाली, प्रायमरवर लिहिलं: 'धुणे दरसाल माझ्याकडे.' खाली वळणदार सही केली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच त्यावर साय चढवली. तो करार अजून तिथेच आहे, रंगाच्या दोन हातांखाली.

"आणि माझा राणी?" मी विचारलं. मला अगदीच हरलेला दिसायचं नव्हतं.

मिस्तरी मागे सरकले, मान वर केली. माझ्या घराकडे त्यांनी असं मान वर करून बघितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. गच्चीवर जिन्याची खोली आणि पाण्याची टाकी आहे. "राणीला वर बसवा. तितनं उजेड कुनाच्या दारात जात न्हाई, आन् एस्टी वळनावर आली की पयलं तुमचंच घर दिसंल." तसंच केलं. आजही राजूरला येणारा माणूस गाडीतून विचारतो, ते गुलाबी कुणाचं? लोक माझं नाव सांगतात. मिस्तरींनी माझं सगळंच काही काढून घेतलं नव्हतं.

पुढे दर वर्षी नवरात्राच्या आधी ते आले. पावसाने भिंत हिरवट काळी झालेली असायची. बादली, नारळाच्या काथ्याचा ब्रश, शिडी. पहिल्या वर्षी मी चहाशिवाय काही विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी शिडी धरली. तिसऱ्या वर्षी सुमनने त्यांच्यासाठी मासवड्या केल्या आणि त्यांनी डब्यातली भाकरी तशीच परत नेली. ते घासत असताना मी खालून डाग दाखवत राहायचो. ते म्हणायचे, "शेठ, तुमची नजर लई बारीक. रंगारी व्हायला पायजे हुतं. नशीब, शाळा सुटली!" असं मला दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर दात पाडले असते.

एकदा मी विचारलं, "तुमच्या स्वतःच्या घराला कोणता रंग आहे?" ते म्हणाले, "ते माझ्या समोरच्यांना इचारा." मला ती चेष्टा वाटली.

या वर्षी श्रावणात त्यांच्या मुलाचा फोन आला. रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत. मी अकोल्याला गेलो. बोळात माणसं उभी होती. मिस्तरींचं घर लहानसं, बसकं, आणि फिकट जांभळं. जांभळ्याला कोण हात लावतो? मला त्यांची चेष्टा आठवली. समोरच्या ओट्यावर एक बाई डोळ्यांना पदर लावून बसली होती. मी तिला विचारलं, "ताई, हा रंग कुणी ठरवला?"

"आमच्या आत्याबाईंनी," ती म्हणाली. "माझ्या सासू. अंथरुनाला खिळल्या हुत्या, खिडकीतनं येवढी एकच भिंत दिसायची. चाचांनी येऊन इचारलं, मावशे, काय लावू? म्हनल्या, जांभळाच्या सालीचा नको, जांभूळ खाल्ल्यावर जिभंला ऱ्हातो तो. तसा मिळंना, तर चाचांनी तीन डबे मिसळून केला. आत्याबाई जाऊन बारा वर्सं झाली. चाचा दर खेपंला तोच लावायचे."

नवरात्र जवळ आलं तशी मी भिंतीकडे बघायचं टाळू लागलो. पन्हाळीखाली काळे ओघळ आले होते. दुसरा रंगारी बोलावला, त्याने प्रेशरच्या मशिनने तासाभरात धुऊन देतो म्हणून सांगितलं. दर बरा होता, मी आणखी खाली आणला असता. पण सौदा करायला तोंडच उघडेना. त्याला परत पाठवलं. दुपारी दुकानातून घरी आलो, धोतराच्या जुन्या पानाचं फडकं डोक्याला बांधलं, शिडी लावली आणि काथ्याचा ब्रश घेऊन स्वतः चढलो. चोपन्नाव्या वर्षी. सुमन खालून म्हणाली, "पडाल." मी म्हणालो, "शिडी धर."

दोन दिवस लागले. मीटरच्या पेटीखाली मी ब्रश टेकवला नाही. तिथे ओलं फडकं हलक्या हाताने फिरवलं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ऊन भिंतीवर आलं आणि ओली भिंत चकाकली. मी शिडीवर होतो. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गुरुजींचं वय झालंय, पण आवाज अजून फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असाच आहे.

"डावीकडे. वर, पन्हाळीखाली राहिलंय."

चाळीस वर्षांत माझ्याशी बोललेलं त्यांचं ते पहिलं वाक्य, आणि त्यातही चूकच काढलेली. माझ्या तोंडाशी चांगलं तिखट उत्तर आलं होतं. मी डावीकडे वर बघितलं. राहिलंच होतं.

"थांबा," मी म्हणालो, आणि शिडी डावीकडे सरकवायला खाली उतरलो.